ताप कशाचा, हे कसे कळते?

पावसाळा मध्यावर आला की महाकोशलातल्या दवाखान्यांबाहेर तापाच्या रुग्णांची रांग लागते, आणि त्या रांगेतल्या पुष्कळांच्या हातात सर्व तपासण्या ‘निगेटिव्ह’ आल्याचा कागद असतो. ताप मात्र उतरलेला नसतो. जबलपूरइतकाच नागपूर, गोंदिया किंवा अमरावतीच्या वाचकालाही हा अनुभव ओळखीचा आहे. सोमवारी केलेली डेंगीची एक तपासणी निगेटिव्ह येते, शुक्रवारी त्याच रुग्णाचे रक्त पुन्हा तपासले तर ते पॉझिटिव्ह निघते, आणि मग लॅबवाल्यांनी घोळ घातला असा निकाल घरोघरी लागतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन्ही अहवाल खरे असतात. रक्ताची तपासणी ‘आजार आहे की नाही’ या प्रश्नाचे उत्तर देत नाही. त्या दिवशी, त्या रक्तात, एक ठरावीक पदार्थ सापडतो की नाही, एवढेच ती सांगते. या दोन प्रश्नांमधले अंतर लक्षात आले, की साथीच्या रोगांचे संशोधन कसे चालते आणि ते इतके किचकट का असते, हे समजायला सोपे जाते.

एका तापाचे अनेक वाटेकरी

नर्मदेकाठच्या जबलपूर शहराच्या पूर्वेला आणि दक्षिणेला दिंडोरी, मंडला आणि बालाघाट हे साल-सागाच्या जंगलांचे, गोंड आणि बैगा वस्तीचे जिल्हे पसरले आहेत. पुढे बालाघाटची हद्द गोंदियाला आणि सिवनीची नागपूर जिल्ह्याला लागते, त्यामुळे या पट्ट्यातले डास, उंदीर, गुरे आणि मजूर यांच्या लेखी राज्याच्या सीमेला फारसा अर्थ नाही. या भागाच्या आरोग्याचा अभ्यास जागेवरच व्हावा म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) १९८४ मध्ये जबलपूरला आदिवासी आरोग्यासाठी प्रादेशिक केंद्र सुरू केले. आज ते राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. सिकलसेल, हिवताप, क्षयरोग, कुपोषण हे तिचे जुने विषय. विषाणूंच्या निदानाची प्रयोगशाळा ही त्यात नंतर पडलेली, परंतु आता सर्वांत गजबजलेली भर. मध्य प्रदेशातले पहिले कोविड रुग्ण २० मार्च २०२० रोजी जबलपूरमध्येच आढळले, आणि तेव्हा राज्यात कोविडची तपासणी करू शकणाऱ्या मोजक्या प्रयोगशाळांपैकी एक या शहरात होती, हा केवळ योगायोग असला तरी फार उपयोगी पडलेला योगायोग होता.

या संस्थेपर्यंत पोचणाऱ्या तापाच्या नमुन्यांमागे कोण असू शकते, याची यादी लांब आहे. हिवतापाचे परजीवी, डेंगी आणि चिकुनगुन्याचे विषाणू, स्क्रब टायफसचा जिवाणू, लेप्टोस्पायरा, विषमज्वर, इन्फ्लुएन्झा, जपानी मेंदूज्वर, क्वचित झिका, हे सारे पहिल्या तीन दिवसांत जवळजवळ सारखेच वागतात. अंग तापते, डोके ठणकते, सांधे दुखतात, भूक जाते. डॉक्टर कितीही अनुभवी असला तरी या टप्प्यावर केवळ रुग्णाकडे पाहून निदान करणे त्याला अवघड जाते, कारण ताप हा जंतूने निर्माण केलेला नसतो. जंतूची चाहूल लागल्यावर शरीराच्या संरक्षण यंत्रणेने मेंदूला पाठवलेल्या रासायनिक संदेशांमुळे शरीराचे तापमान वाढते, आणि शत्रू कोणताही असला तरी हा संदेश साधारण एकाच भाषेत जातो.

तपासणी कोणत्या दिवशी झाली?

समजा, स्वयंपाकघरात मांजर शिरले. ते दूध पीत असतानाच कोणी दिवा लावला, तर मांजर प्रत्यक्ष दिसेल. थोड्या वेळाने गेले, तर मांजर नसेल, पण घरातली माणसे काठी घेऊन धावपळ करताना दिसतील. आणि वर्षभराने पाहिले, तर खिडकीला नव्याने बसवलेली कडी तेवढी दिसेल. तिच्यावरून कधीतरी मांजर येऊन गेले एवढे कळेल, आज ते घरात आहे असे मात्र म्हणता येणार नाही. तापाच्या तपासण्याही अशाच तीन प्रकारच्या असतात.

पहिल्या प्रकारात जंतूचा स्वतःचाच अंश शोधला जातो. डेंगीच्या विषाणूचे ‘एनएस-१’ नावाचे प्रथिन ताप आल्याच्या पहिल्या दिवसापासून रक्तात सापडते आणि साधारण आठवडाभरात नाहीसे होत जाते. विषाणूचा जनुकीय धागा शोधणारी ‘आरटी-पीसीआर’ ही तपासणीही अशीच सुरुवातीच्या पाच दिवसांत सर्वाधिक कामाची असते, आणि डेंगीच्या चार उपप्रकारांपैकी नेमका कोणता, हेही तिच्यातूनच समजते. दुसऱ्या प्रकारात शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे त्या विशिष्ट जंतूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने, शोधतात. त्यांतली ‘आयजीएम’ ही पहिली तुकडी डेंगीत चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागते आणि दोन-तीन महिने टिकते. ‘आयजीजी’ ही तिसरी खूण, म्हणजे खिडकीची कडी. ती उशिरा येते आणि वर्षानुवर्षे राहते.

आता सोमवार-शुक्रवारचे कोडे सुटते. तापाच्या दुसऱ्या दिवशी आयजीएम शोधले तर ते मिळणार नाही, आणि आठव्या दिवशी एनएस-१ शोधले तर तेही बहुधा हाती लागणार नाही. देशभरातल्या सरकारी प्रयोगशाळांना आयजीएम तपासणीचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था पुरवते. संच तोच आणि तंत्रज्ञही तोच, तरी नमुन्यासोबतच्या कागदावर ‘ताप सुरू झाल्याची तारीख’ हा रकाना कोरा असेल तर अहवालाचा अर्थ लावणाऱ्याचे हात बांधलेले राहतात. हा रकाना भरण्याकडे दवाखान्यांचे जितके दुर्लक्ष होते, तितके दुसऱ्या कशाकडेच होत नसावे.

अडचण आणखी एक आहे. डेंगी, झिका आणि जपानी मेंदूज्वर हे विषाणू एकाच कुळातले असल्याने त्यांची प्रतिपिंडे एकमेकांच्या तपासणीतही अडकतात. डेंगी पूर्वी होऊन गेलेल्या माणसाला झिका झाला, तर प्रतिपिंडांची तपासणी डेंगीकडे बोट दाखवू शकते. २०१८ मध्ये भोपाळ, सिहोर, विदिशा या भागांत झिकाचे सुमारे १३० रुग्ण आढळले, तेव्हा केवळ प्रतिपिंडांवर भिस्त ठेवून चालले नसते. विषाणूचा जनुकीय धागाच शोधावा लागला. झिकाची बाधा झालेल्या पाचांपैकी चौघांना कसलाच त्रास होत नाही, आणि गर्भवतीला बाधा झाली तर मात्र बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. ज्याला ताप नाही तो तपासणीला येत नाही, म्हणून अशा रोगाचा खरा आकडा हा नेहमी अंदाजच असतो.

हिवतापात तर जंतूच तपासणीला चकवतो. गावपातळीवर वापरली जाणारी, बोटातल्या रक्ताच्या थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देणारी पट्टी फाल्सिपेरम जातीच्या परजीवीचे ‘एचआरपी-२’ हे प्रथिन ओळखते. हे प्रथिन बनवणारे जनुकच काही परजीवींमध्ये गळून पडलेले असते. ते जगतात, वाढतात, माणसाला आजारी पाडतात, पण पट्टीला दिसत नाहीत. जबलपूरच्या संशोधकांनी हिवतापग्रस्त आठ राज्यांतले नमुने तपासून असे परजीवी भारतातही असल्याचे २०१६ मध्ये दाखवून दिले. त्यांचे प्रमाण तेव्हा थोडे होते. तरीही या शोधाचे महत्त्व मोठे आहे, कारण पट्टीत सापडणाऱ्यांवर उपचार होत राहिले आणि न सापडणारे सुटत राहिले, तर पुढच्या पिढ्यांत न सापडणाऱ्यांचाच भरणा वाढणार, हे उघड आहे. म्हणूनच काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची शंभर वर्षांहून जुनी पद्धत अजून निवृत्त झालेली नाही.

काखेतली खपली

या सर्व तापांत सर्वांत उपेक्षित, आणि वेळेत ओळखला तर सर्वांत स्वस्तात बरा होणारा ताप म्हणजे स्क्रब टायफस. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशच्या आघाडीवर सैनिकांना त्याने हैराण केले होते. त्यानंतर तो जणू भारतातून गेलाच, अशी समजूत कित्येक दशके वैद्यकीय वर्तुळात होती. तो गेलेला नव्हता, त्याला शोधणारे कमी झाले होते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाच्या इतर जिल्ह्यांत त्याचा उद्रेक झाला, तेव्हा अनेक वाचकांनी हे नाव प्रथमच वर्तमानपत्रात वाचले.

हा रोग ‘ओरिएन्शिया सुसुगामुशी’ या जिवाणूमुळे होतो आणि तो पसरवतो चिगर, म्हणजे माइट नावाच्या, गोचिडीच्या दूरच्या नात्यातल्या किड्याची अळी. ही अळी जेमतेम पाव मिलिमीटरची, सहा पायांची आणि केशरट लाल असते. झुडपे आणि उंच गवत जिथे शेताला किंवा वाटेला भिडते, तिथे ती पात्याच्या टोकाशी वाट पाहत बसते. उंदीर किंवा घूस गेली तर तिच्यावर चढते, गवत कापणारी बाई गेली तर तिच्या कपड्यांत शिरते. मग काख, जांघ, कमरपट्ट्याखालची किंवा स्तनांखालची मऊ त्वचा शोधून ती दोन-तीन दिवस तिथे चिकटून ऊतींतला द्रव शोषते आणि गळून पडते. दंश दुखत नाही, त्यामुळे कोणाला काही आठवतही नाही.

येथे एक सुरेख प्रश्न उभा राहतो. डास एका माणसाचे रक्त पिऊन जंतू घेतो आणि दुसऱ्याला चावून देतो, म्हणून त्याला निदान दोनदा चावावे लागते. चिगर मात्र आयुष्यात एकदाच, अळीच्या अवस्थेतच, प्राण्याच्या अंगावर चढतो. मोठा झालेला माइट मातीत राहून इतर किड्यांची अंडी खातो आणि माणसाच्या वाटेला जात नाही. मग त्या एकमेव दंशापूर्वी त्याच्यात जंतू येतो कोठून? उत्तर असे, की तो आईकडून येतो. बाधित मादीच्या अंड्यांतूनच जिवाणू पुढच्या पिढीत उतरतो आणि अळी जन्मतःच बाधित असते. म्हणजे माइट हा रोगाचा वाहक आहे आणि कोठारही. उंदरांचे काम मुख्यतः या किड्यांना पोसण्याचे आणि इकडून तिकडे नेण्याचे. या एका जीवशास्त्रीय तपशिलावरून प्रतिबंधाची दिशा ठरते: केवळ उंदीर मारून भागत नाही, उलट उंदीर एकाएकी कमी झाले तर भुकेल्या अळ्या माणसाकडे वळण्याचा धोका असतो, घराभोवतीची झुडपे काढणे, गवतात थेट न बसणे, शेतातून आल्यावर अंघोळ करून कपडे धुणे, हे साधे उपाय अधिक परिणामकारक ठरतात.

दंशाच्या जागी काही रुग्णांत सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी, न दुखणारी खपली तयार होते. ती दिसली की निदान जवळजवळ पक्के. पण ती सर्वांत होत नाही, आणि होते तीही बहुधा अशा ठिकाणी, की गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात कोणी तिथे पाहत नाही. बाई रुग्ण आणि पुरुष डॉक्टर असतील, तर ती पाहिली जाण्याची शक्यता आणखीच घटते. कितीही अद्ययावत प्रयोगशाळा उभारली तरी ही उणीव भरून निघत नाही. येथे रुग्णाला नीट तपासण्याइतका निवांत वेळ लागतो.

औषध साधे आहे. डॉक्सिसायक्लिन किंवा अॅझिथ्रोमायसिन वेळेत दिले तर ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. पण हा जिवाणू पेशीच्या आत राहतो आणि पेनिसिलिनच्या कुळातली, तसेच सेफॅलोस्पोरिन गटातली, तापावर सर्रास दिली जाणारी महागडी इंजेक्शने त्याचे काही बिघडवू शकत नाहीत. आजार दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसे, मूत्रपिंडे किंवा मेंदूपर्यंत पोचला, तर साधे औषधही उशिरा पोचते. गंभीर रुग्णांना ही दोन्ही औषधे शिरेतून एकत्र दिल्यास अधिक गुण येतो, हे भारतातल्याच रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाले आहे.

हा रोग किती काळ लपून राहू शकतो, याचे ठळक उदाहरण गोरखपूरचे. तेथे दर पावसाळ्यात मुलांना मेंदूज्वर होई आणि त्याचे खापर जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवर फोडले जाई. लसीकरण झाले, त्या विषाणूचे रुग्ण घटले, तरी मुलांचे मृत्यू चालूच राहिले. पाणी, आतड्यांतले विषाणू असे तर्क झाले. अखेर २०१५-१६ च्या सुमारास आयसीएमआरच्या संशोधकांना निम्म्याहून अधिक मुलांत स्क्रब टायफसच्या अलीकडच्या बाधेचा पुरावा मिळाला, आणि ताप आलेल्या मुलाला मेंदूपर्यंत आजार पोचण्याआधीच, प्राथमिक आरोग्य केंद्रातच, ही स्वस्त औषधे द्यावीत असे धोरण आखले गेले. इतकी वर्षे तपासणी होत होती ती ‘मेंदूज्वर कोणत्या विषाणूने होतो’ याची, आणि विषाणूंच्या यादीत जिवाणू सापडणार नव्हता.

चौकट: तापाचा रुग्ण दवाखान्यात नेताना

ताप नेमका कोणत्या तारखेला सुरू झाला, हे लिहून न्यावे. गेल्या तीन आठवड्यांत जंगल, शेत, गवत, साचलेले पाणी किंवा परगाव यांच्याशी संबंध आला असल्यास सांगावे. घरातली किंवा शेजारची जनावरे आजारी अथवा मृत असल्यास तेही सांगावे. काख, जांघ, कंबर, कानामागे काळी खपली आहे का, ते घरीच पाहावे. तापासाठी पॅरासिटामॉल घेता येते. डेंगीची शक्यता असताना अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके मनाने घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

यादी, आलेख आणि नकाशा

एका रुग्णाचे निदान होणे आणि साथ ओळखली जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या खेड्यात आठवड्यात दहा जणांना ताप आला, तर ती साथ आहे का? त्या खेड्यात त्या महिन्यात एरवी किती जणांना ताप येतो, हे माहीत असल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. नेहमीच्या प्रमाणापेक्षा जास्त, ही उद्रेकाची व्याख्या आहे. ‘नेहमीचे प्रमाण’ कळण्यासाठी वर्षानुवर्षे, काहीही घडत नसतानाही, मोजत राहावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, त्याला बातमीमूल्य नाही, आणि निधी कापायचा झाला तर पहिली कात्री बहुधा त्यावरच चालते.

भारतात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पाने ही मोजणी तीन पायऱ्यांवर बसवली. उपकेंद्रातली आरोग्यसेविका लक्षणांवरून संशयितांची नोंद करते, डॉक्टर आपल्या निदानावरून संभाव्य रुग्णांची, आणि प्रयोगशाळा खात्री झालेल्यांची. पूर्वी हे तक्ते आठवड्यातून एकदा कागदावर वर जात. २०२१ पासून नोंदी संगणकीय मंचावर रोजच्या रोज करण्याची सोय झाली. पहिली पायरी सर्वांत ढोबळ, पण सर्वांत लवकर इशारा देणारी. तिसरी सर्वांत अचूक, पण सर्वांत उशिरा बोलणारी. दोन्हींची गरज आहे, आणि तिसरीच्या मोहात पहिलीकडे दुर्लक्ष करणे घातक आहे.

इशारा मिळाल्यावर जे पथक गावात जाते, ते आधी व्याख्या ठरवते: अमुक तारखेनंतर, अमुक गावांत, इतके दिवस ताप आणि त्याबरोबर अमुक लक्षणे असलेला तो रुग्ण. मग घरोघर फिरून एक यादी तयार होते. तीत वय, लिंग, पाडा, ताप येण्याची तारीख, पाणी कोठले, कामाला कोठे जातो, असे रकाने असतात. त्या तारखा आलेखावर मांडल्या की पुष्कळ काही दिसते. एका लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाली असेल, तर आलेख एकदम उसळून एकदम खाली येतो. माणसाकडून माणसाकडे पसरणारा रोग असेल, तर एकामागून एक, आधीपेक्षा उंच लाटा येतात. डासांमुळे होत असेल, तर आलेख हळूहळू चढतो आणि रुग्ण वस्तीच्या ठरावीक भागात गोळा झालेले दिसतात. त्यानंतर आजारी न पडलेल्या शेजाऱ्यांना तेच प्रश्न विचारले जातात. ही पायरी गावकऱ्यांना चमत्कारिक वाटते, कारण धडधाकट माणसाची चौकशी कशाला, असे त्यांना वाटते. पण सर्व रुग्ण नाल्याचे पाणी पितात या माहितीला, निरोगी माणसेही तेच पाणी पितात का हे कळेपर्यंत, काडीचीही किंमत नसते.

जबलपूरहून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या मंडला जिल्ह्यात या मोजणीचा सर्वांत चिकाटीचा प्रयोग झाला. २०१७ मध्ये आयसीएमआर, मध्य प्रदेश सरकार आणि सन फार्मा या औषध कंपनीने उभारलेली एक संस्था यांनी मिळून जिल्ह्यातल्या १२३३ गावांत हिवताप निर्मूलनाचा प्रकल्प सुरू केला. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्यांनी ठरलेल्या दिवशी गावात जाऊन ताप शोधायचा, जागीच रक्त तपासायचे, पूर्ण उपचार द्यायचे, आणि रुग्ण बरा झाला का हे पुन्हा जाऊन पाहायचे, असा त्याचा क्रम होता. औषधे आणि मच्छरदाण्या आधीही होत्याच. नवे होते ते वेळापत्रक आणि त्यावर ठेवलेला कडक पहारा. मंडल्यातला हिवताप पुढच्या काही वर्षांत झपाट्याने घटला. मजुरीसाठी बाहेर गेलेली माणसे परत येताना परजीवी घेऊन येतात, हेही याच मोजणीतून ठळकपणे पुढे आले.

जनावरांची बाजू

मंडल्यातला हिवताप माणसामाणसांत फिरतो, म्हणून घरोघर शोधून तो हटवता येतो. जे रोग प्राण्यांत वस्ती करून आहेत त्यांच्याबाबत ही सोय नसते. माणसाला बाधणाऱ्या सुमारे १४०० जंतूंची यादी २००१ मध्ये संशोधकांनी तपासली, तेव्हा त्यांतले ६१ टक्के प्राण्यांकडून येणारे निघाले, आणि नव्याने डोके वर काढणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ७५ टक्के होते. अशा रोगांत माणूस हा पुष्कळदा चुकून वाटेत आलेला असतो.

पश्चिम घाटातला माकडताप हे त्याचे नमुनेदार उदाहरण. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, त्यापाठोपाठ माणसे आजारी पडली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यामागचा, गोचिडींतून पसरणारा विषाणू शोधला. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात काजूच्या बागांत काम करणाऱ्यांपर्यंत पोचला. तेथे माकडाचे मृत शरीर हीच पहिली सूचना असते; ती आरोग्य खात्यापर्यंत पोचली तर माणसांतला उद्रेक सुरू होण्याआधी काही करता येते.

कधी शोध घेतला जातो एकाचा आणि सापडतो दुसराच. १९६५ मध्ये नागपुरात डेंगी-चिकुनगुन्याची साथ चालू असताना तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू मिळाला आणि त्याला चांदीपुरा हे नाव पडले. वालुमाशी या डासाहून लहान कीटकामार्फत तो पसरतो. जवळजवळ चार दशके तो संशोधकांच्या शीतकपाटातले एक कुतूहल होता. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात त्याच्या साथीत ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतली १८३ दगावली. नव्या जंतूचे नाव नोंदवून ठेवणे निरर्थक वाटत असले, तरी जुनी नोंद आणि जपून ठेवलेला नमुना नसता तर त्या वर्षी ओळख पटायला आणखी किती वेळ गेला असता, याचा विचार करावा.

जबलपूरला या बाजूचेही काम चालते. येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ चे. २००९ पासून ते नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे, आणि वन्यजीवांचे आरोग्य व न्यायवैद्यक यांसाठी विद्यापीठाचे वेगळे केंद्र आहे. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस बांधवगडच्या जंगलात तीन दिवसांत दहा हत्ती मरण पावले, तेव्हा या केंद्राकडेही नमुने आले. अशा वेळी तपासाचे प्रश्न माणसांच्या साथीतलेच असतात. एकाच कळपातले, एकाच वेळी मेले, म्हणजे सर्वांना एकाच ठिकाणी काहीतरी बाधले असावे; संसर्ग असता तर मृत्यू मागेपुढे झाले असते. कोणी विष घातले, हा पहिला संशय लोकांच्या बोलण्यात होता. हत्तींनी मरणापूर्वी कोदोच्या, म्हणजे कोद्र्याच्या, शेतांत पोटभर चरल्याचे दिसले, आणि बरेलीच्या भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्थेच्या अहवालात सायक्लोपायझोनिक आम्ल हे बुरशीचे विष निघाले. पावसात भिजलेल्या कोद्र्यावर ही बुरशी वाढते, आणि असा कोद्रा खाऊन माणसे व गुरे गुंगतात हे मध्य भारतातल्या शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. संसर्ग नाही, हे ठरवणे हाही साथीच्या संशोधनातला तितकाच महत्त्वाचा निष्कर्ष असतो. तो वेळेत निघाला नसता तर आसपासची गुरे आणि माणसे यांच्याबद्दल नाहक घबराट पसरली असती.

माणसांचा डॉक्टर, गुरांचा डॉक्टर आणि जंगलखाते यांनी एकत्र पाहावे, या विचाराला आज ‘वन हेल्थ’ म्हणतात, आणि त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरला झाली. विचार योग्य आहे. त्याची खरी कसोटी मात्र इमारतीत लागणार नाही. एखाद्या पाड्यावर चार शेळ्या मेल्याची खबर पशुवैद्याकडून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत त्याच दिवशी जाते की नाही, यावर ती लागेल. आज ही दोन कार्यालये पुष्कळदा एकाच तालुक्याच्या गावात असूनही वेगवेगळ्या खात्यांना वेगवेगळे तक्ते पाठवतात.

तोवर ग्रामीण वाचकांनी एवढे करावे. गाय, म्हैस किंवा शेळी अचानक मेली आणि तिच्या नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल, तर ती फाडू नये, कातडे काढू नये, मांस वाटू नये. हा काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, रोग असू शकतो. शव उघडले की त्याच्या जिवाणूंना हवा मिळून त्यांचे टणक बीजाणू बनतात आणि ते मातीत कित्येक दशके जिवंत राहतात. जनावराजवळ मुलांना आणि कुत्र्यांना जाऊ देऊ नये, आणि पशुसंवर्धन खात्याच्या १९६२ या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा.